काटा खाली येत होता आणि बजर वाजत होता: जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपवर टेंपरेचर अलार्म, दहा महिन्यांनंतर

गेल्या रविवारी चिपळूणहून कराडकडे येताना पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायला लागलो. दुसरा गिअर, गाडीत आम्ही तिघं आणि मागे आंब्याच्या सहा पेट्या. चार-पाच वळणं झाली असतील, तेवढ्यात दहा महिन्यांपूर्वी बसवलेल्या अलार्मचा बजर वाजला. त्यावर आकडा १०३ अंश. गाडीच्या मूळ टेंपरेचर मीटरकडे पाहिलं तर काटा हिरव्या पट्ट्यात, आणि वर नाही, हळूहळू खाली सरकत होता. दोन वर्षांपूर्वी असाच काटा बघून मी निर्धास्तपणे गाडी चालवत राहिलो होतो. इंजिन तापलं, आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) घासून सपाट करणं, त्याखालचं गॅस्केट, मजुरी आणि गाडी ओढून आणणं मिळून १८,५०० रुपये गेले होते.

या वेळी जागा मिळताच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. रेडिएटरच्या वरच्या होजपाईपला क्लिपजवळ चीर पडली होती. पाऊण तास कशालाही हात लावला नाही. मग होजचं टोक इंचभर कापून पुन्हा बसवलं, आणि इंजिन कोमट झाल्यावर थोडं थोडं करत साडेपाच लिटर पाणी घातलं. तापलेल्या हेडमध्ये गार पाणी ओतलं की तडा जातो, म्हणून घाई केली नाही. हेड वाचलं.

काटा खाली का आला हे नीट समजून घ्या. मूळ मीटरचा सेंडर (त्याचा सेन्सर) पाण्याचं तापमान सांगतो. पाणी गळून पातळी त्याच्या खाली गेली की तो उघडा पडतो आणि काटा उतरतो, तिकडे लोखंड मात्र तापत असतं. या अलार्मचा सेन्सर म्हणजे तांब्याची एक रिंग, तिच्यात थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा छोटा भाग. ती इंजिनच्या बोल्टखाली आवळायची. ती लोखंडाचं तापमान सांगते, पाणी असो वा नसो.

बसवायला तीन तास लागले. मिस्त्री म्हणाले, "मालक, मीटर चालू आहे की, कशाला वायरी वाढवताय?" पहिल्यांदा रिंग थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर लावली होती. महिन्याभराने काढून हेडच्या मागच्या टोकाला, इंजिन उचलायच्या हुकाच्या बोल्टखाली घेतली, तर आकडा सहा-सात अंशांनी जास्त दिसायला लागला. वॉटर पंपापासून लांबचा तो कोपराच आधी तापतो, तेव्हा जागा तीच. हेडचे मुख्य बोल्ट मात्र रिंगसाठी सैल करू नका, त्यांचा टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) बिघडला की गॅस्केट गेलं. कापडी हूडच्या गाडीत बजर डॅशच्या मागे ऐकूच येत नाही, मी तो खांद्यामागच्या पाइपाला बांधलाय.

पहिले सहा महिने मी या वस्तूला फक्त धोक्याची घंटा समजत होतो. जानेवारीत ते मत बदललं. सकाळी सातारा रस्त्यावर ताशी साठने चाललो होतो आणि आकडा ५८-६० च्या वर जाईना. मिस्त्रींना विचारलं तर कळलं, हेडच्या कामाच्या वेळी त्यांनी थर्मोस्टॅट काढून टाकला होता, "गाडी गरम होऊ नये म्हणून". डिझेल इंजिन असं गार पळवलं की डिझेल नीट जळत नाही, धूर होतो, ऑइल लवकर खराब होतं. नवा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट बसवल्यापासून सपाटीवर ८६-९०, घाटात ९६. सकाळचा पांढरा धूर गेला आणि लिटरमागे जवळजवळ एक किलोमीटर वाढला. मला तर अलार्मची किंमत इथेच वसूल झाली.

आता तक्रार. यंत्राला दोन तारा येतात, एक चावीवरची आणि एक थेट बॅटरीची, स्मृतीसाठी. बजर किती अंशांना वाजावा हे मी १०२ वर ठेवलंय, पण बॅटरीचा पुरवठा तुटला की ते सेटिंग पुसून १२० होतं. गाडी आठवडाभर उभी असते, म्हणून मी दर वेळी कट-ऑफ (बॅटरी तोडायचा स्विच) फिरवतो. म्हणजे दर वेळी १२०, आणि बटण अठरा वेळा दाबून परत १०२.

विक्रेत्याला फोन केला तर उत्तर, "साहेब, १२० च बरोबर आहे." बरोबर नाही! रेडिएटरचं झाकण दाब धरतं म्हणून पाणी शंभराच्या पुढेही टिकतं. पण होज फाटला की दाब संपला, आणि पुण्याच्या उंचीवर साधं पाणी ९८ लाच उकळतं. १२० ची वाट बघेपर्यंत आत पाणीच उरत नाही. रविवारी सेटिंग १२० वर असतं तर मी आणखी चार वळणं चढलो असतो. यंत्र दुरुस्तीला पाठवलं, कुरिअरचे १८० रुपये माझे, सतरा दिवसांनी जसंच्या तसं परत आलं.

स्मृतीची तार कट-ऑफच्या अलीकडून, फ्यूज घालून घेता येईल असं एकाने सुचवलं. मोजून पाहिलं, १२ मिलीअँपिअर ओढते. महिन्याला साडेआठ अँपिअर-तास. पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने उभी असते आणि बॅटरी बदलायला साडेसात हजार लागतात. नाही घेतली. डॅशवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर मार्करने '१०२' लिहिलंय. बाबांनी ही गाडी घेतली तेव्हापासून डॅशवर काही चिकटवलं नव्हतं, त्यामुळे ती पट्टी रोज खुपते.

तरीही १,४५० रुपयांत मी हे पुन्हा घेईन. दोन्ही होज आणि क्लिपा या आठवड्यात बदलतोय. बॅटरी तोडली तरी सेटिंग टिकवणारं आणि बोल्टखाली रिंग जाणारं मॉडेल कुणाकडे असेल तर नाव आणि किंमत सांगा. दोन हजारांच्या आत असेल तर लगेच बदलतो, हाच बोल्ट, हीच वायर वापरून.