पॅनेल की खोका: घरासाठी प्लेनार मॅग्नेटिक स्पीकर घ्यावेत का?

नीट मांडलेले प्लेनार मॅग्नेटिक स्पीकर एकदा ऐकले की घरचे स्पीकर कोंदट वाटायला लागतात. तसं वाटण्यात काही चूक नाही. फक्त ती खोली दुकानदाराची असते, आणि या स्पीकरांचा निम्मा खेळ खोलीवरच असतो. त्यामुळे पैसे मोजण्याआधी नेहमीचे खोक्याचे स्पीकर आणि हे पॅनेल एकमेकांसमोर ठेवून बघितलेले बरे.

खोक्याच्या स्पीकरमध्ये कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, कोनाला (शंकूच्या आकाराच्या पडद्याला) ढकलते आणि कोनाच्या मागचा आवाज खोक्यात अडवला जातो. प्लेनारमध्ये खोकाच नाही. मायलर या प्लास्टिकच्या फिल्मचा मोठा, पातळ पडदा ताणून बसवलेला, त्यावर ॲल्युमिनियमची तार किंवा पट्टी चिकटवलेली, आणि जवळ चुंबकांच्या रांगा. करंट गेला की पडदाच हलतो. थ्रीएम या कंपनीत इंजिनिअर असलेल्या जिम विनी यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, मॅग्नेपॅन कंपनी काढली. प्लेनार म्हटलं की आजही हेच नाव आधी निघतं. त्यांचं एलआरएस हे छोटं मॉडेल २०१९ मध्ये ६५० डॉलरला जोडी असं आलं, पुढचं एलआरएस प्लस ९९५ डॉलरला. इथे पोचेपर्यंत भाडं आणि कस्टम ड्यूटी लागून आकडा फुगतो, तो भाग वेगळा. दिसायला सारखे वाटणारे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर निराळे. त्यांना भिंतीतल्या प्लगची वीज लागते, प्लेनारला लागत नाही.

ऐकण्यात फरक कुठे पडतो? मला तो सगळ्यात जास्त तानपुऱ्यात जाणवतो. खोक्याच्या साध्या स्पीकरवर तानपुरा बहुतेक वेळा गायकाच्या मागे एक गुणगुण होऊन राहतो. चांगल्या पॅनेलवर तार छेडल्यावर जवारी, म्हणजे तारेचा झणझणीत नाद, उमलत जाते ती वेगळी ऐकू येते, आणि एक तार विरायच्या आत दुसरी कशी येते तेही कळतं. गायकाचा आवाज छातीएवढ्या उंचीच्या पेटीतून न येता माणसाच्या मापाचा येतो. खोक्याचे पत्रे-फळ्या थरथरून जो रंग आवाजाला चढतो, तो इथे नाही.

डग्ग्याची मींडही सुरेख येते. पण त्याच्या खाली उतरलात की पॅनेल हात टेकतं. पडद्याच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या उलटा असतो. खालच्या सुरांच्या लांब लहरी कडेने वळून एकमेकींना खाऊन टाकतात. पॅनेल जितकं लहान तितकं हे लवकर होतं. एलआरएसची कंपनीने दिलेली खालची मर्यादा ५० हर्ट्झ आहे. ढोल-ताशा, सिनेमातले स्फोट, क्लबचं संगीत यांत छाती हलायला हवी असेल, तर त्याच पैशातला खोका सरळ जिंकतो. सबवूफर जोडता येतो, पण त्याचा सूर पॅनेलशी जुळवायला चिकाटी लागते.

मग ॲम्प्लिफायर. मॅग्नेपॅन एलआरएसची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर किती मोठा आवाज निघतो ते माप, ८६ डेसिबल सांगते, पण ती २.८३ व्होल्टला. स्पीकर ४ ओहमचा असल्याने तेवढ्या व्होल्टेजला २ वॉट खर्च होतात, म्हणजे एका वॉटला हिशोब ८३चाच. १० डेसिबल वाढवायचे तर दहापट वॉट लागतात. घरातला जुना एव्ही रिसीव्हर बहुधा ८ ओहमच्या भरवशावर बनवलेला असतो. जोर दिला की तो तापतो नाहीतर प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प बसतो. ४ ओहमला दमदार करंट देणारा ॲम्प आधीच नसेल, तर त्याचे पैसे स्पीकरच्या किमतीतच धरा. खोक्यांमध्ये असे लाड थोड्याच जणांचे करावे लागतात.

खोलीचा मुद्दा सगळ्यात कडक. पॅनेल मागेही तितकाच आवाज फेकतं, म्हणून भिंतीपासून निदान तीन फूट पुढे हवं. जास्त मिळालं तर उत्तम. १० बाय १२च्या खोलीत याचा अर्थ पाव खोली गेली. चार फूट उंच, सव्वा फूट रुंद पट्ट्या रोज मागे सरकवून ऐकताना पुढे आणू, असं लोक म्हणतात. महिनाभरात त्या भिंतीलाच टेकलेल्या दिसतात आणि आवाजातला खोलपणा गेलेला असतो. बाजूच्या भिंतीबाबत मात्र पॅनेल फार चिकित्सा करत नाही, कारण त्याच्या कुशीतून आवाज जवळपास निघत नाही. अरुंद पण लांब हॉलवाल्यांना हा फायदा मोठा. शेजाऱ्यांच्या बाबतीतही पॅनेलचा बास खोलीत कमी घुमतो, पण मागची भिंत सामाईक असेल तर पलीकडच्या घरालाही फुकट मैफल.

आणखी एक. उत्तम आवाज एका खुर्चीपुरताच. सोफ्यावर चौघं बसणार असतील तर कडेच्या दोघांना स्टेज, म्हणजे गायक-वादक समोर बसल्याचा भास, एकाच बाजूला झुकलेला ऐकू येतो. उठून उभं राहिलं तरी वरचे सूर पातळ होतात.

दुरुस्तीत खोका बिनघोर. कोनाचा फोम कुजला किंवा कॉइल जळली तर लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत विचारपूस केली की कोणीतरी सापडतं. पॅनेलमध्ये तार मायलरला धरून ठेवणारा गोंद हा नाजूक भाग. जुन्या जोड्यांमध्ये ऊन आणि दमटपणाने तो सुटतो आणि सुटलेली तार काही सुरांना खरखरते. मुंबई-कोकणातला पावसाळा आणि पश्चिमेची खिडकी, हे दोन्ही असतील तर सेकंडहँड जोडी स्वस्त मिळाली म्हणून भुलू नये. घेण्याआधी मोठ्या आवाजात एकट्या पियानोची रेकॉर्ड लावून प्रत्येक पॅनेल वेगळं ऐकावं. मांजर असेल तर जाळीच्या कापडाचं काय होणार, तेही सांगायला नको.

एकट्याने बसून ख्याल, सतार, चेंबर म्युझिक ऐकणाऱ्याला आणि खोलीतली तीन फूट जागा कायमची सोडू शकणाऱ्याला मी प्लेनारच सुचवीन. टीव्ही, पाहुणे, मुलं आणि गणपतीतली गाणी एकाच सिस्टीमवर असतील तर चांगला खोका घ्या. मधे लटकलात तर थर्माकोलच्या दोन शीट त्याच मापाच्या कापून ठरलेल्या जागी आठवडाभर उभ्या करा, आणि घरातलं कोण किती वेळा त्यांना धडकतं ते बघा.