न्यू ऑर्लिन्समध्ये स्टेक आणि मासळी कुठे खावी: नऊ महिन्यांच्या मुक्कामानंतरचा अनुभव

कामानिमित्त गेल्या सप्टेंबरपासून यंदाच्या मेअखेरपर्यंत मी आणि पत्नी अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये राहिलो. आम्ही दोघेही वसईचे, त्यामुळे रविवारी मांस आणि शुक्रवारी मासळी हा क्रम लहानपणापासून अंगवळणी पडलेला आहे. हे शहरही मुळात कॅथलिक असल्याने तिथे तो क्रम पाळणे सोपे गेले, आणि नऊ महिन्यांत या दोन्ही गोष्टी भरपूर खाऊन पाहता आल्या. ज्यांना गोमांस चालत नाही त्यांनी स्टेकचा भाग सोडून थेट कालवांवर यावे. तिथेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिल्याच महिन्यात आमच्याकडून एक चूक झाली. फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागाच्या कडेला असलेल्या एका मोठ्या हॉटेलात, पाटीवर ‘स्टेक आणि सीफूड’ असे ठळकपणे लिहिलेले पाहून आम्ही शिरलो आणि दोन्ही एकाच ताटात येणारा महागडा पदार्थ मागवला. स्टेक वाजवीपेक्षा जास्त शिजलेला होता आणि त्याच्या शेजारी शेवंडाची शेपटी होती. चौकशी केल्यावर कळले की ती उत्तरेकडून, मेन राज्यातून, गोठवून आलेली होती. समोर मेक्सिकोचे आखात असताना, जिथे कालवे, कोळंबी आणि चिंबोऱ्या ताज्या मिळतात तिथे, आम्ही हजाराहून जास्त मैलांवरची शेवंड खात होतो. त्या दिवसापासून या दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या संध्याकाळी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी खायच्या असे आम्ही ठरवले, आणि तो निर्णय शेवटपर्यंत बरोबर ठरला.

स्टेकसाठी माझी पसंती निःसंशय ब्रॉड स्ट्रीटवरच्या क्रेसंट सिटी स्टेक्सला आहे. १९३४ मध्ये जॉन व्होयकोविच या क्रोएशियन गृहस्थांनी ते सुरू केले. आत फरशीची साधी जमीन आहे आणि एका बाजूला पडदे ओढून घेता येतील असे बसण्याचे कप्पे आहेत. स्टेक तापलेल्या प्लेटमध्ये येतो आणि त्यावरचे वितळलेले लोणी इतक्या जोरात तडतडत असते की वाढणारा माणूस प्लेट ठेवल्यावर क्षणभर मागे सरतो. रुमाल छातीशी धरून बसावे, नाहीतर शर्टावर तुषार उडतात. पहिले काही क्षण कोणीच बोलत नाही; लोणी शांत होऊ लागले की सुरी लावायची. इथली एक गोष्ट मी तिसऱ्या भेटीत शिकलो: मांस टेबलावर आल्यावरही त्या गरम प्लेटमध्ये शिजत राहते, म्हणून ‘मीडियम रेअर’ (आतून लालसर) हवे असेल तर मागवताना ‘रेअर’ (त्याहून कच्चे) सांगावे. सोबतचे सगळे वेगळे मागवावे लागते. त्यात लोण्यालसणात परतलेले ब्राबांत बटाटे जरूर घ्यावेत.

अमेरिकाभर पसरलेल्या रूथ्स ख्रिस या साखळीचा उगमही याच रस्त्यावरचा आहे. क्रिस मातुलिच यांनी १९२७ मध्ये काढलेले स्टेकहाउस रूथ फर्टेल यांनी १९६५ मध्ये राहते घर गहाण टाकून विकत घेतले. २००५ च्या कॅट्रीना वादळानंतर ब्रॉड स्ट्रीटवरची ती शाखा पुन्हा उघडली नाही. शहरात त्यांची दुसरी शाखा आहे आणि तिथला स्टेक चांगलाच असतो. पण मूळ गल्लीतले वातावरण हवे असेल तर क्रेसंट सिटीलाच जावे.

व्होयकोविच आणि मातुलिच ही नावे वाचून, इथल्या स्टेकच्या धंद्यात क्रोएशियन लोक कसे आले, असा प्रश्न मला पडला होता; त्याचे उत्तर कालवांच्या दुकानात मिळाले. एकोणिसाव्या शतकापासून क्रोएशियातल्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरून आलेली कुटुंबे मिसिसिपीच्या मुखाजवळ, प्लाक्विमिन्स पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे इथला जिल्हा), कालवांची शेती करत आली आहेत. म्हणजे या शहराच्या स्टेकमागे आणि कालवांमागे एकाच किनाऱ्यावरचे लोक आहेत. मेटरी उपनगरातले ड्रॅगोज हेदेखील अशाच एका क्रोएशियन कुटुंबाचे आहे. १९९३ मध्ये त्यांनी अर्ध्या शिंपल्यातले कालव लोणी, लसूण आणि चीज घालून थेट जाळावर भाजायला सुरुवात केली आणि तो पदार्थ आता शहरभर मिळतो. शिंपल्याच्या कडेला करपलेले लोणी पावाने पुसून घेण्यात खरी मजा आहे. डझनभर दोघांना पुरेत, कारण चीज लवकर पोट भरते.

निव्वळ कालवाची चव घ्यायची असेल तर मॅगझीन स्ट्रीटवरच्या कॅसामेंटोजला तोड नाही. १९१९ पासूनचे हे छोटेसे ठिकाण आतून सगळे टाइल्सचे आहे, आणि उन्हाळ्यात ते चक्क बंद असते. दाराशी उभा असलेला कारागीर एकामागून एक शिंपले उघडत असतो. सुरीचे टोक बिजागरीत घालून मनगट जरासे फिरवले की झाकण सुटते, मग खालचा स्नायू कापून तो कालव त्याच्याच पाण्यात मोकळा करून समोर ठेवतो. आपल्याकडे खडकावरून निघणारी कालवे नखाएवढी असतात; आखातातले एकेक तळहात व्यापते, चवीला सौम्य आणि किंचित गोडसर लागते. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली कालवे दोन जाड पावांच्या मध्ये घालून ते ‘ऑयस्टर लोफ’ देतात, तोही आम्ही अनेकदा खाल्ला. एक सूचना कळकळीने करतो: यकृताचा विकार, मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांनी कच्ची कालवे खाऊ नयेत. समुद्राच्या उबदार पाण्यात वाढणारा व्हिब्रिओ जंतू अशांच्या जिवावर बेतू शकतो. माझ्या पत्नीला मधुमेह असल्याने तिने नऊ महिने फक्त भाजलेली आणि तळलेली खाल्ली, आणि त्यात काही कमी पडले असे तिला वाटले नाही.

कोळंबीसाठी नेपोलियन अव्हेन्यूवरच्या पास्कल्स मनालीला जावे. त्यांच्या प्रसिद्ध ‘बार्बेक्यू’ कोळंबीत निखाऱ्यांचा संबंध नाही; डोक्यासकटची कोळंबी लोणी आणि भरपूर काळ्या मिऱ्याच्या रश्शात शिजवलेली असते, आणि पाव त्या रश्शासाठीच असतो. इतरत्र कोळंबी मागवताना मेन्यूकार्ड नीट वाचावे. कोळंबी किंवा क्रॉफिश (त्यांच्याविषयी पुढे) परदेशातून आलेले असल्यास तसे सांगणे लुईझियानात कायद्याने बंधनकारक आहे. एके ठिकाणी आम्ही विचारले तेव्हा कोळंबी भारतातून आलेली असल्याचे उत्तर मिळाले. अमेरिकेत आयात होणाऱ्या कोळंबीचा सर्वांत मोठा पुरवठादार भारतच असल्याने त्यात नवल नव्हते, पण आम्ही आखातातली खायला आलो होतो, म्हणून दुसरे काहीतरी मागवले.

राखेच्या बुधवारनंतर, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्यावर, मात्र शहराचा सगळा कल क्रॉफिशकडे जातो. शेवंडाच्या धाकट्या भावासारखे दिसणारे हे गोड्या पाण्यातले जीव नैऋत्य लुईझियानात भाताचे पीक निघाल्यावर त्याच खाचरांत पाणी भरून वाढवतात, आणि मार्च ते मे हा त्यांचा भर. मका, बटाटे आणि भरपूर लाल तिखट घालून उकडलेले क्रॉफिश वजनावर मिळतात. माणशी तीन पाउंड घ्यावेत, कारण मांस त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकेच निघते. शेपटी पिळून वेगळी करायची, पहिले कवच सोलायचे आणि डोके चोखायचे. उपवासकाळातले आमचे सगळे शुक्रवार वर्तमानपत्र अंथरलेल्या टेबलांवर असेच गेले, आणि गुड फ्रायडेला तर शेजाऱ्यांनी अंगणातच मोठे पातेले चढवून आम्हाला बोलावले.

मेच्या अखेरच्या आठवड्यात, कॅसामेंटोज उन्हाळ्यासाठी बंद होण्याआधी, आम्ही शेवटचे तिथे गेलो. कारागिराने आमचा परतीचा दिवस विचारला, मी मागवलेल्या डझनावर तीन कालवे जास्त उघडली आणि पत्नीसाठी वेगळी तळून आणायला आतल्या खोलीत हाक दिली.