पद्मिनीच्या रिमना पावडर कोटिंग: नऊ महिने आणि एक पावसाळा

फेब्रुवारीत स्टेपनीसकट पाचही रिम पावडर कोट करून घेतले, म्हणजे ओल्या रंगाऐवजी वीजभारित कोरडी पावडर फवारून ती भट्टीत भाजून घेतली. गाडी प्रीमियर पद्मिनी, घर पणजीत, मिरामारपासून चालत अंतरावर. म्हणजे खारा वारा बारा महिने फुकट. याआधी दोनदा स्प्रे पेंट मारून झाला होता. दोन्ही वेळा चतुर्थी येईतो कडांना फोड.

रंगावरून पहिली खोट बसली. मला जुना पिवळसर पांढरा हवा होता. पण दोन पावडरी मिसळून तिसरी छटा होत नाही, नुसते ठिपके दिसतात. जी पावडर डब्यात मिळते तीच घ्यायची. शेवटी आरएएल या रंग-क्रमांकांच्या यादीतला ९००६, म्हणजे चंदेरी. आता तोच आवडतो, पण तेव्हा चार दिवस घुम्यासारखा वागलो.

काम फोंड्याकडच्या एका शेडमध्ये करून घेतलं. ग्रिट ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने खर मारून जुना रंग-गंज उडवणं), गंज रोखणारा झिंकवाला इपॉक्सी प्रायमर, वर पॉलिएस्टर पावडर, भट्टीत साधारण १८० ते २०० अंश. प्रायमर त्याच दिवशी मारायचा, हे मी हट्टाने सांगितलं. उघडं लोखंड आपल्या हवेत एका रात्रीत तांबूस पडतं. वरचा थर इपॉक्सीचा नको, उन्हात तो खडूसारखा होतो.

सांगायचं राहिलं ते मात्र महागात पडलं. बोल्ट जिथे टेकतात त्या खोलगट कडा आणि हबला चिकटणारी मागची बाजू शेडवाल्यांनी टेपने झाकलीच नाही, सगळं सरसकट कोट केलं. ६०-८० मायक्रॉनचा थर तो काय, असं वाटतं. पण बोल्टच्या दाबाखाली तोच चेपतो आणि आवळलेलं सैल पडतं. सावंतवाडीहून परतताना पुढून टकटक यायला लागली. पत्रादेवीला थांबून पाना लावला, तर डावीकडचे चारही बोल्ट पाव फेरा फिरले. हात थंड पडले. घरी येऊन सगळ्या चाकांच्या त्या जागा लोखंडापर्यंत खरवडल्या, बोल्ट आवळले, ५० आणि २०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. त्यानंतर काही नाही.

पावसाळ्याचं बोलायचं तर समोरची बाजू बघत राहावी अशी. साखळीकडची लाल माती नळाच्या पाण्याने निघते, घासावं लागत नाही. टायरवाला मात्र आतून हात फिरवून म्हणाला, "पात्रांव, भायल्यान बरें दिसता, पूण आंतल्यान पळय." मधली तबकडी आणि रिम जोडलेल्या खाचेत गंजाची रेघ होती. वीजभारित पावडर कोपऱ्याच्या तोंडाशीच चिकटते, आत शिरत नाही. खाचेत आधी ब्रशने प्रायमर भरायला हवा होता. आता तिथे वॅक्स मारतो.

दुसरा गंज बॅलन्सिंगच्या, म्हणजे चाक थरथरू नये म्हणून कडेला लावतात त्या, वजनांखाली. ठोकून बसवायच्या क्लिपने कडेचा थर फुटला आणि तिथून पाणी शिरलं. थर फुटला की गंज खालून सरकतो, वर पापुद्रा तसाच. आता आतून चिकटवायची वजनं लावली आहेत. फुटलेल्या जागी साधा टचअप केलाय, जवळून ओळखू येतो.

स्टेपनी अजून नवीकोरी आहे. डिकीत बसून कोणीही नवंकोरं राहील.

रिममागे बाराशे गेले, टायर काढणं-चढवणं वेगळं. पुन्हा करीन का? करीन, पण भट्टीत जाण्याआधी शेडमध्ये स्वतः उभा राहीन आणि बोल्टच्या जागांवरची टेप डोळ्यांनी बघीन. पुढचा डावा रिम डिसेंबरात परत सोलायला देतोय.