कॅनन ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम: छोटी लेन्स, मोठं काम

किट लेन्सनंतर (कॅमेऱ्यासोबत येते ती) पुढची कोणती, या प्रश्नाला हे अजूनही चांगलं उत्तर आहे. २०१५ ची ही लेन्स जेमतेम १६० ग्रॅमची, पण माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडला जाणारा भाग, धातूचा. आधीच्या मॉडेलचा प्लास्टिकचा होता. अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत येण्याच्या छिद्राची) पाती ५ ऐवजी ७, त्यामुळे मागचे दिवे थोडं स्टॉप डाउन केल्यावरही (छिद्र लहान केल्यावरही) बऱ्यापैकी गोल दिसतात. ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं.

क्रॉप बॉडीवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ती ८० मिमीसारखी वागते. पोर्ट्रेटला झकास, छोट्या खोलीत मात्र अडचण. स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) नाही, तेव्हा शटर १/१०० सेकंदापेक्षा मंद नको.

‘फोटो शार्प येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा फोकसची असते. क्रॉप बॉडीवर १ मीटर अंतरावर एफ/१.८ ला (छिद्र पूर्ण उघडं असताना) जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरच फोकसमध्ये राहतात. डोळा धरला तर कान गेलेच! सिंगल पॉइंट (एकच फोकस बिंदू) निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. फोकस लॉक करून फ्रेम हलवू नका. एफ/२.८ ला धार वाढते, उजेडाविरुद्धच्या कडांवरची जांभळी झाकही बरीच कमी होते.

खरी उणीव वेगळीच आहे. फोकस होताना पुढची नळी बाहेर येते आणि कॅमेरा बंद असताना फोकस रिंग फिरवून ती आत जात नाही, कारण रिंग मोटरमार्फत चालते. नळी बाहेर असताना धक्का बसला तर फोकसची यंत्रणा बिघडू शकते. कॅमेरा बंद करण्याआधी फोकस इन्फिनिटीला (सर्वात दूरच्या अंतरावर) आणा, म्हणजे नळी आत जाते. हूड (लेन्सपुढे लावायचं कडं) वेगळा घ्यावा लागतो, घ्याच.