भाड्याची घरं: मधला बोळ की मोकळा व्हरांडा?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत राबणाऱ्यांसाठी परवडणारी भाड्याची घरं बांधायची, तर दोन तऱ्हेचे नकाशे समोर येतात. एकात सात मजले, लिफ्ट, मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना घरं. दुसऱ्यात तळमजला अधिक तीन मजले, मधे चौक आणि प्रत्येक दारापुढे व्हरांडा.

पहिल्यात तेवढ्याच जागेत घरं जास्त बसतात, हे खरंच. पण बोळाकडून वारा येत नाही, हवा आरपार खेळत नाही. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशी गाठतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी तिथे झोप कशी लागावी? शिवाय लिफ्टच्या देखभालीचा खर्च शेवटी भाडेकरूच्याच माथी.

व्हरांड्यात कपडे वाळतात, पोरं नजरेसमोर राहतात. पावसाची झड मात्र आत येते, म्हणून छज्जा चांगला पुढे काढायला हवा. जिने चढवत नाहीत अशांसाठी तळमजला राखावा.

केंद्राच्या २०२० च्या परवडणाऱ्या भाडेगृह योजनेत एका बेडरूमच्या घराला ३० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, धरलं होतं. एवढ्याशा घरात व्हरांडा हीच दुसरी खोली. मी दुसराच नकाशा निवडेन. फक्त मोटारसायकली चौकात नकोत, त्यांची सोय बाहेर करा.