विषय सांगावा की पात्राची अडचण?

कादंबरीची ओळख समाजमाध्यमावर दोन-तीन ओळींत करून द्यायची झाली, तर लेखकापुढे दोन वाटा असतात: विषय सांगणे किंवा पात्राची अडचण सांगणे. ‘सोलापुरातील यंत्रमाग कामगारांच्या संघर्षाचे विदारक चित्रण’ हे वाक्य खोटे नाही. पण ते कुठल्याही दहा पुस्तकांना चिकटवता येईल. याउलट, ‘पूर्व भागात चादरी विणणाऱ्या लक्ष्मीला गड्ड्याच्या जत्रेआधी बापाचे कर्ज फेडायचे आहे; पैसे मिळतील, पण त्यासाठी संपावर गेलेल्या भावाविरुद्ध साक्ष द्यावी लागेल’ असे लिहिले, की माणूस, मुदत आणि मोजावी लागणारी किंमत एकदम समोर येते आणि शेवट न सांगताही वाचक थबकतो. एक्सवर साध्या खात्याला २८० चिन्हांची मर्यादा असते, आणि तिथे काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात. म्हणून ‘विदारक’सारखी विशेषणे मला परवडणारी वाटत नाहीत. १९३० च्या सोलापुरातील मार्शल लॉवर, म्हणजे इंग्रजांनी लावलेल्या लष्करी अंमलावर, कादंबरी असेल, तर मात्र विषय आधी सांगावा, कारण सोलापूरच्या वाचकाला तेवढा उल्लेखही पुरतो. तरी दुसऱ्याच ओळीत त्या दिवसांत अडकलेला एखादा माणूस दिसायलाच हवा.