सीडीसीचा आयसीडी-१०-सीएम ब्राउझर: काही दात गेलेल्या रुग्णाच्या कोडिंगला कितपत पुरतो?

अमेरिकी डेंटल आणि मेडिकल क्लेमवर (विम्याच्या मागण्यांवर) काम करणाऱ्यांसाठी सीडीसी या अमेरिकी आरोग्यसंस्थेच्या एनसीएचएस या आकडेवारी केंद्राचा आयसीडी-१०-सीएम (निदानांचे अमेरिकी कोड) ब्राउझर हे फुकट आणि सगळ्यांत भरवशाचं साधन आहे. इथे तो एकाच कामासाठी तपासला आहे: काही दात गेलेत, काही शिल्लक आहेत असा रुग्ण, म्हणजे के०८.४ हा गट. कोड तो अचूक दाखवतो. पण कोडचा शेवटचा आकडा कशावरून ठरवायचा, हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही, आणि घोळ नेमका त्याच आकड्यावर होतो.

आधी जमेच्या बाजू. वर्ष निवडायची सोय आहे आणि ती वापरायलाच हवी. नवी आवृत्ती दरवर्षी १ ऑक्टोबरला लागू होते, काही वर्षी १ एप्रिललाही भर पडते. कोणती आवृत्ती धरायची हे उपचाराच्या तारखेवर ठरतं, क्लेम पाठवण्याच्या तारखेवर नाही. कोडसोबत एक्सक्लूड्सच्या (त्या कोडमध्ये काय येत नाही ते सांगणाऱ्या) टिपा दिसतात, त्याही मोलाच्या आहेत. के०८.४ खाली स्पष्ट म्हटलंय की सगळे दात गेले असतील तर के०८.१, आणि दात जन्मतःच नसतील तर के००.०. दोन्ही एक्सक्लूड्स१ आहेत, म्हणजे के०८.४ च्या जोडीला चालत नाहीत.

शोधताना मात्र जपून. इंडेक्समध्ये, म्हणजे वर्णानुक्रमे यादीत, दात गेल्याची नोंद शोधली की ती ‘ॲबसेन्स’कडे (अभाव) पाठवते. तिथे दातांसमोरचा पहिला कोड के००.० आहे, म्हणजे जन्मजात अभाव. त्याखाली ‘ॲक्वायर्ड’ (नंतर झालेला) आणि त्याच्याही खाली ‘पार्शल’ (अर्धवट) गाठावं लागतं. घाईत पहिल्या ओळीवर थांबलं, तर किडीने दाढ काढलेल्या माणसाला जन्मजात दोषाचा कोड लागतो. म्हणून इंडेक्समधून मिळालेला कोड सारणीत (कोडच्या क्रमाने लावलेल्या यादीत) उघडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

गटाची रचना सुटसुटीत आहे. पाचवं अक्षर कारण सांगतं: ० म्हणजे कारण नोंदलेलं नाही, १ इजा, २ हिरड्यांचा आजार, ३ कीड, ९ इतर नोंदलेलं कारण. सहावं अक्षर क्लास सांगतं: १ ते ४, आणि नोंद नसेल तर ९. एकूण २५ कोड. के०८.४०९ खाली नुसत्या ‘दात काढल्याची स्थिती’चाही समावेश आहे, त्यामुळे चार्टमध्ये फक्त ‘दात काढलेला’ एवढंच असेल तर कोडरला (कोड लावणाऱ्याला) तिथेच थांबावं लागतं. कारण डॉक्टरांनीच लिहायला हवं. एक्स-रे पाहून कोडरने ते ठरवायचं नसतं.

आता क्लास. हा केनेडी क्लास नव्हे. १९२५ पासून दंतवैद्यकात रुजलेलं केनेडीचं वर्गीकरण रिकाम्या जागा कमानीत कुठे आहेत एवढंच सांगतं. कोडमधला क्लास अमेरिकन कॉलेज ऑफ प्रॉस्थोडॉन्टिस्ट्स या कृत्रिम दातांच्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या पीडीआय (प्रॉस्थोडॉन्टिक डायग्नॉस्टिक इंडेक्स) निर्देशांकाचा आहे, आणि अर्धवट दंतहानीसाठीची त्याची मांडणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तो केसची गुंतागुंत मोजतो, तीही चार निकषांवर: रिकाम्या जागेचं ठिकाण व विस्तार, आधाराच्या दातांची अवस्था, चावा, आणि दात गेलेल्या जागी उरलेल्या हाडाचा उंचवटा. चारांपैकी एकही निकष वरच्या क्लासमध्ये गेला की पूर्ण केस वरच्या क्लासची. ब्राउझरमध्ये यातलं एक अक्षरही नाही. ही त्याची सगळ्यांत मोठी उणीव.

उदाहरण घ्या. खालच्या उजव्या बाजूचे, अमेरिकी क्रमांकनातले, २९ आणि ३० क्रमांकाचे दात किडीने गेले, २८ आणि ३१ शिल्लक. दोन्हीकडे दात असलेली एकाच बाजूची जागा, म्हणून केनेडी क्लास ३. पीडीआयनुसार मात्र एकाच जबड्यात एक प्रीमोलर (उपदाढ) आणि एक मोलर (दाढ) एवढीच जागा असेल तर ठिकाणाचा निकष क्लास १ चा. चावा ठीक आहे, खालच्या जबड्याच्या हाडाची उंची सर्वांत कमी जागीही २१ मिलीमीटरच्या वर आहे, तेव्हा हे निकषही क्लास १. पण ३१ ला हिरडीखाली कीड आहे, आणि पुढच्या कामाआधी त्याच्यावर स्थानिक उपचार लागणार आहेत. म्हणून आधाराच्या दातांचा निकष क्लास २ आणि अख्खी केस क्लास २. कोड के०८.४३२. चार्टमध्ये नुसतं ‘क्लास ३’ असेल, तर कोडर के०८.४३३ लावेल, आणि ब्राउझर त्याला अडवणार नाही, कारण तोही वैध कोड आहे.

म्हणून ब्राउझरच्या शेजारी पीडीआयचा तक्ता उघडा ठेवावा. डॉक्टरांच्या नोंदीत गेलेल्या दातांचे क्रमांक, प्रत्येकाचं कारण, चारही निकष वेगवेगळे आणि शेवटी ‘पीडीआय क्लास’ असं नावानिशी हवं. काही दात किडीने आणि काही हिरड्यांच्या आजाराने गेले असतील तर के०८.४२ आणि के०८.४३ मध्ये परस्पर एक्सक्लूड्स नाही, दोन्ही देता येतात. मात्र कोणता दात कशाने गेला हे नोंदीत असलं तरच.

इजेच्या केसमध्ये वेळ पाहावी. दात नुकताच निखळून आलेला रुग्ण एस०३.२ मध्ये जातो, आणि तिथे सातवं अक्षर लागतं. महिन्यांनंतर रिकामी जागा भरायला आला की के०८.४१. मूळ आत राहिलं असेल तर के०८.३ पाहावा, दात हाडात अडकलेला असेल तर के०१.१. तो दात दिसत नाही, पण गेलेलाही नाही.

क्लेमच्या फॉर्मबद्दल ब्राउझर काही सांगत नाही, ते त्याचं कामही नाही. एडीएच्या (अमेरिकन डेंटल असोसिएशन) डेंटल फॉर्मवर ३४ व्या रकान्यात एबी (आयसीडी-१० ची खूण), ३४ए मध्ये जास्तीत जास्त चार निदानं, आणि प्रत्येक उपचारापुढे २९ए मध्ये त्या निदानाचं अक्षर. सीएमएस-१५०० या मेडिकल फॉर्मवर निदानं २१ मध्ये, जास्तीत जास्त बारा. डेंटल फॉर्मवर ३३ व्या रकान्यात गेलेल्या दातांवर फुल्या मारतात. त्या फुल्या, नोंदीतले क्रमांक आणि कवळी ज्या जबड्याची मागितली तो जबडा, तिन्ही जुळायला हवेत. वरच्या जबड्याचा डी५२१३ (अर्धवट कवळीचा उपचार-कोड) मागितला आणि फुल्या फक्त खालच्या दातांवर, असा क्लेम कोड कितीही बरोबर असला तरी परत येतो. जुनी कवळी बदलायची असेल तर ४३ आणि ४४ हे रकाने रिकामे सोडू नयेत. ४४ मध्ये आधीची कवळी बसवल्याची तारीख लागते आणि ती चार्टमधूनच घ्यायची असते.